टायर घेण्याआधी गाडीखाली वाका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला कोणते टायर घालावेत, हा प्रश्न वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर हमखास विचारला जातो आणि उत्तरही ठरलेले असते : एक साइज मोठा घ्या, नक्षी दणकट घ्या, गाडीचे रूप पालटेल. रूप पालटते, यात वाद नाही. पण पंधरा-वीस वर्षे चाललेली, घरातली चार-पाच माणसे आणि त्यांचे सामान वाहणारी, बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर आणि अधूनमधून कच्च्या वाटेवर जाणारी गाडी डोळ्यांपुढे ठेवली, तर हा सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो. अशा गाडीला टायर सर्वांत शेवटी घ्यायचे असतात. सध्याचे टायर ती कशी खाते आहे ते आधी पाहायचे, कारण दोष तसाच ठेवून नवे टायर चढवले तर तेही त्याच जागी झिजतात.

जुने टायर उतरवण्यापूर्वी त्यांच्यावरून तळहात फिरवावा. आडवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा बोचतात, असे असेल तर टो बिघडलेला आहे, म्हणजे पुढची दोन चाके एकमेकांना हवी तशी समांतर नाहीत आणि टायर सारखा थोडा आडवा घासला जातो. दोन्ही खांदे, म्हणजे तळव्याच्या कडा, झिजून मध्य शाबूत असेल तर हवा सतत कमी राहिली. मध्य झिजून खांदे शाबूत असतील तर जास्त. एकच खांदा गेला असेल तर कॅम्बरकडे, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याकडे, बघावे : बसलेले बुश (सांध्यातले रबरी अस्तर), सैल बॉल जॉइंट किंवा वाकलेला अ‍ॅक्सल. ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर थकलेत, बॅलन्सिंग गेले आहे किंवा बेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे सैलपणा, आहे. हे सगळे शोधून मगच अलाइनमेंटच्या मशीनवर जावे. सैल जोडांवर केलेल्या अलाइनमेंटचे आकडे कागदावर छान दिसतात आणि पहिल्याच खड्ड्यात बदलतात.

खेळ शोधायला मोठे गॅरेज लागत नाही. सपाट, टणक जागा, जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला ठोकळे आणि मदतीला एक माणूस पुरे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नये. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर, असतो. मागचे एक चाक जमिनीवरून सुटले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचामुळे) तो ब्रेक निरुपयोगी होतो आणि गाडी जॅकवरून सरकते. म्हणून ठोकळे आधी, जॅक नंतर.

पुढचे चाक उचलून वर आणि खाली धरावे आणि आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवली की मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या जोडाचा. मग चाक डावी-उजवीकडे धरून तेच करावे, त्यात टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे टोकाचे जोड, बोलतात. स्टिअरिंगची तपासणी मात्र चाके जमिनीवर ठेवूनच करावी : मदतनिसाने स्टिअरिंग चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे हलवत राहावे आणि आपण खाली बसून एकेक जोड पाहावा. ज्या जोडाचा अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा क्षणभर थांबून हलतो, तो जोड गेला. अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या गाड्यांत खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग दोन्ही हातांत मावणार नाही असे थरथरू लागते. त्यावर नवा स्टिअरिंग डँपर लावून देणारे बरेच आहेत. डँपर ती थरथर झाकतो, बरी करत नाही. मूळ बहुधा पॅनहार्ड रॉडचे (आडवे सरकणे रोखणाऱ्या दांड्याचे) बुश, टाय रॉड एंड किंवा किंग पिनची बेअरिंगे यांपैकी एकात असते. स्टिअरिंग बॉक्सचा मोकळेपणा घालवण्यासाठी वरचा स्क्रू आवळत सुटण्याचाही मोह होतो. जास्त आवळला की स्टिअरिंग सरळ रेषेत अडकू लागते आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही.

व्हील बेअरिंगचे वेगळे सांगायला हवे, कारण पाणी आणि चिखल यांचा पहिला घाव तिथे बसतो. जुन्या गाड्यांतली टेपर रोलर बेअरिंगे उघडून, रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा ग्रीस भरता येतात. धुतल्यावर रोलर आणि वाटी (बेअरिंगचे बाहेरचे कडे) उजेडात धरून पाहावी. निळसर डाग म्हणजे तापलेले, खवले सुटलेले म्हणजे संपलेले. वाटीसह जोडीच बदलावी. जुने आणि नवे ग्रीस मिसळू नये, ऑइल सील दर वेळी नवे घालावे. नट आवळताना हब (चाक ज्यावर बसते तो भाग) फिरवत राहावे म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट सैल करून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आणावा. पुढे वीसेक किलोमीटरच्या फेरीनंतर चारही हबना हाताची पाठ जपून जवळ नेऊन पाहावी. एकच हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर नट फार आवळला गेला आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे.

आता टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि गाडीचे पुस्तक ही दोनच कागदपत्रे साइजबाबत विश्वासाची. समजा त्यावर २१५/७५ आर १५ लिहिले आहे आणि कोणी २३५/७५ आर १५ सुचवतो. हिशेब सोपा आहे. २१५ मिलिमीटर रुंदीचे ७५ टक्के म्हणजे १६१.२५, ते वर-खाली दोनदा आणि १५ इंची रिमचे ३८१ : व्यास ७०३.५ मिलिमीटर. दुसऱ्याचा ७३३.५. व्यास ३० मिलिमीटरने वाढला, पण अ‍ॅक्सल जमिनीपासून उचलला गेला तो त्याच्या निम्म्याने, १५ मिलिमीटर. त्या दीड सेंटीमीटरसाठी काय मोजावे लागते तेही मांडावे. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी सुमारे ८३ ने धावते. सगळे गिअर सव्वाचार टक्क्यांनी लांब होतात, त्यामुळे चढावर क्लच जास्त घसरवावा लागतो, आणि जुन्या इंजिनाला तो फरक कळतो. ब्रेक तेवढेच राहतात, थांबवायचे चाक मात्र मोठे आणि जड. स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक खड्ड्यात दबले की टायर चेसिसला, स्प्रिंगच्या पाट्याला किंवा मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. हे सपाट जागेवर उभ्या गाडीत दिसत नाही. घासू नये म्हणून चाक बाहेर काढणारी वेगळ्या ऑफसेटची रिम किंवा स्पेसर (हब आणि रिम यांमधली चकती) लावले, तर व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्यागणिक हाताला हिसके देते. शिवाय मोठी स्टेपनी मूळ जागेत मावते का, हे दुकानातून निघण्याआधी कोणी बघत नाही. मोठ्या टायरला कायद्याची आणि विम्याची मान्यता आहे का, हेही विचारून घ्यावे लागते.

साइजच्या पुढे जो आकडा आणि अक्षर असते त्याकडे नक्षीपेक्षा जास्त लक्ष द्यावे. १०४ म्हणजे एका टायरची भारक्षमता ९०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. क्यू, एस, टी ही वेगाची अक्षरे, अनुक्रमे ताशी १६०, १८० आणि १९० किलोमीटरसाठी. चार टायरची बेरीज करून समाधान मानू नये. मागच्या बाकावर माणसे, त्यामागे सामान, दाराला स्टेपनी, अशा गाडीत मागचा अ‍ॅक्सल पुढच्यापेक्षा बराच जास्त भरतो. मूळ आकड्याच्या खाली कधीही उतरू नये. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले टायर जाड अंगाचे असतात, दगडात टिकतात. पण तोच भार उचलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. स्टिकरवरचा आकडा साध्या टायरसाठी असेल तर तो एलटीला जसाच्या तसा लावता येत नाही, टायर कंपनीचा भार आणि हवेचा तक्ता पाहावा लागतो. हे न पाळल्यामुळे दणकट म्हणून घेतलेले टायर आतून तापून लवकर जातात.

नक्षीबद्दल थोडक्यात. एचटी रस्त्यासाठी, एमटी चिखलासाठी, एटी दोन्हींच्या मधले. एमटीच्या ठोकळ्यांमधल्या रुंद खाचा चिखल फेकून देतात, म्हणून तो चिखलात चालतो. त्याच खाचांमुळे डांबराला कमी रबर टेकते, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना तो लांब जातो. आवाज करतो, ठोकळे पुढून-मागून असमान झिजले की आणखी आवाज करतो. घरच्या गाडीला ठोकळ्यांवर मुद्दाम पाडलेल्या बारीक चिरांचा एटी पुरतो, आणि वर्षातून दोनदाच कच्च्या वाटेला लागणाऱ्या गाडीला चांगला एचटीसुद्धा. वाळूत तर एमटीचे ठोकळे फावड्यासारखे खोदत खाली जातात. तिथे नक्षीपेक्षा हवा कमी करणे कामाला येते.

टायरचे वय बगलेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, छापलेले असते. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : ३११९ म्हणजे २०१९ सालचा ३१ वा आठवडा. हे आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसवलेली असेल तर गाडीखाली जाऊन बघावे लागते. शेवटी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालापूर्वीचा आहे, त्यावर घरची माणसे बसवू नयेत. घरातली दुसरी गाडी म्हणून ठेवलेली फोर बाय फोर वर्षाला थोडीच चालते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी उतरवून आतून-बाहेरून तपासावेत. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही खोल असली तरी काढावेत. खाचांच्या तळाशी आणि बगलेला केसासारख्या भेगा दिसू लागल्या तर तेवढीही वाट पाहू नये. हा नियम स्टेपनीलाही लागू आहे, आणि वापरात नसल्यामुळे नेमकी तीच सर्वांत जुनी निघते.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर सारख्या व्यासाचे असणे ही हौसेची गोष्ट नाही. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची ३ असेल तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो, ७३० च्या टायरला जवळजवळ दीड टक्का. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या, व्हिस्कस कपलिंगच्या (पुढचा-मागचा शाफ्ट दाट द्रवातून जोडणाऱ्या) गाडीत हा फरक कपलिंगला सतत फिरवत आणि तापवत ठेवतो. लिव्हर ओढून फोर-व्हील घालायच्या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. कोरड्या डांबरावर टायर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा पीळ गिअर आणि क्रॉस जोडांत साठतो. मग लिव्हर फोर-हायमधून (फोर-व्हीलच्या नेहमीच्या वेगाच्या स्थितीतून) निघतच नाही. जोर न लावता गाडी काही मीटर सरळ रिव्हर्स घ्यावी, पीळ सुटतो. सारखे टायर असले तरी कोरड्या डांबरावर अशा गाडीत फोर-व्हील घालू नयेच.

म्हणून पाचही टायर फिरते ठेवावेत, दर ८,००० किलोमीटरला. मागचे दोन सरळ पुढे, पुढचा उजवा मागे डावीकडे, स्टेपनी मागे उजवीकडे आणि पुढचा डावा स्टेपनीत. एकाच दिशेने फिरायचा बाण असलेले टायर याला अपवाद. चाक बसवण्यापूर्वी हबचा आणि रिमचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. मध्ये राहिलेला गंज पुढे दबतो आणि आवळलेले नट आपोआप सैल होतात. स्टडला ग्रीस लावू नये, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. लोखंडी आणि अ‍ॅलॉय रिमचे नट वेगळ्या बसणीचे असू शकतात. रिम बदलली तर नटही पाहावेत.

हवेबाबत सर्वांत पसरलेली चूक म्हणजे बगलेवरचा आकडा भरणे. तो कमाल दाबाशी निगडित आकडा आहे. भरायचा आकडा दाराच्या खांबावर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले की साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) फरक पडतो. गरम टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून काढू नये. कच्च्या रस्त्यावर ३२ वरून २५-२६ पर्यंत उतरले तर टायर दगडावर आदळण्याऐवजी त्याला वेढतो. वाळूत १६-१८ पर्यंत जाता येते. रबराचा टेकणारा पट्टा त्यामुळे रुंदीपेक्षा लांबीत वाढतो आणि तोच गाडीला तरंगती ठेवतो. १५ च्या खाली टायर रिमवरून निसटण्याची भीती असते. मात्र धारदार दगडांत फार हवा कमी केली तर बगल बाहेर फुगून तिलाच दगड लागतो, आणि बगलेची चीर दुरुस्त होत नाही. तळव्यावरचे ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्रच नीट दुरुस्त करता येते, तेही टायर उतरवून आतून. कमी हवेवर वेग ताशी ३० च्या आसपास ठेवावा, झटक्याने वळू नये, आणि डांबरावर येताच हवा भरावी. १८ पीएसआयवर हमरस्त्याने धावलेला टायर त्या दिवशी फुटेलच असे नाही. आतले थर तापून सुटलेले असतात आणि तो काही आठवड्यांनी, पूर्ण हवेवर, भरल्या गाडीखाली फुटतो. म्हणजे हवा कमी करायचे साधन घेण्याआधी हवा भरायचा पंप घ्यायला हवा. मोठ्या पंपाची जोडणी थेट बॅटरीला करावी, लायटरच्या सॉकेटला नाही.

टायरवरचे वाचलेले पैसे कुठे घालावेत, याचे उत्तर तेलात आहे. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) चोंदलेला असेल तर ती ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ब्रीदरची नळी मोकळी आहे का हे पाहावे, जमल्यास ती बॉनेटखाली उंचावर न्यावी. ओढा ओलांडल्यानंतर डिफरन्शियलचा भरायचा प्लग उघडून बोट बुडवावे : तेल दुधाळ दिसले तर त्याच आठवड्यात बदलावे. भरायचा प्लग आधी सोडवावा आणि मगच खालचा काढावा. खालून तेल सांडून मोकळे झाल्यावर वरचा प्लग गंजाने अडकलेला निघाला तर गाडी जागची हलत नाही. तेल भरायचे ते छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाटीवर उभी असताना. डिफरन्शियलला बहुधा ८० डब्ल्यू ९० चे जीएल ५ दर्जाचे तेल लागते. तेच उरलेले गिअरबॉक्समध्ये ओतू नये, कारण त्यातली रसायने जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. तिथे बहुधा जीएल ४ सांगितलेले असते. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या शाफ्टला शक्ती वाटणाऱ्या पेटीत) काही गाड्यांना गिअर ऑइल तर काहींना ऑटोमॅटिकचे तेल चालते, हे पुस्तकात बघूनच ठरवावे.

क्लच सोडताना खालून ‘टक’ असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत. ग्रीस चारही टोपड्यांच्या सीलमधून नवे दिसेपर्यंत मारावे. एका टोपडीतून आलेच नाही तर ती कोरडी आहे, क्रॉस बदलण्याची तयारी करावी. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर खूण करावी, नाहीतर चुकीच्या दात्यांवर बसून गाडी थरथरू लागते. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत, कारण ते ताणलेले असतात, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतला ओलावा पितेच. रबरी ब्रेक नळ्या वाकवून भेगा पाहाव्यात. चिखलातून आल्यावर मागचे ड्रम उघडून धुतले नाहीत तर वाळलेली माती लायनर आणि ड्रम दोन्ही घासून टाकते.

चेसिसचा गंज बाहेरून कळत नाही. पेटीसारख्या बंद भागात चिखल साठतो आणि पाणी जाण्याची छिद्रे बुजतात. ती तारेने मोकळी करून आतून पाण्याची नळी सोडावी, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि स्टिअरिंग बॉक्सभोवतीचा भाग छोट्या हातोडीने ठोकून पाहावा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तिथे खरवडून बघायचे. तिथे भोक पडले तर टायरची चर्चा काही महिने पुढे ढकलावी, हे सरळ.

शेवटी एक विनंती. आपल्या वाहनविषयक पानावर अशा गाड्यांच्या टायरची ओळख छापली जाईल तेव्हा नक्षीच्या छायाचित्रासोबत टायरचे वजन, भारनिर्देशांक आणि ओल्या डांबरावर थांबायचे अंतर हे तीन आकडेही द्यावेत.

आपला,
जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या देखभालीत असलेला एक वाचक